झपुरड्याच्या शोधाची कविता कशी रचावी

निरर्थ कवितेत शब्द हवे तेवढे निरर्थक चालतात. व्याकरण आणि मात्रा मात्र शिस्तीतच लागतात. म्हणून ज्याचा शोध घ्यायचा त्या काल्पनिक प्राण्याचं नाव ठरलं की आधी ते विभक्त्यांतून फिरवून बघा. ‘झपुरडा’ चालतो: झपुरड्याला, झपुरड्याने, झपुरड्यांनो. शिवाय यमकाला ‘हुरडा’ तयार. ‘भ्रुंग्लू’ ऐकायला मजेशीर, पण यमकापाशी घात करतो.

चालीला पादाकुलक हे मात्रावृत्त घ्या: आठ-आठच्या दोन तुकड्यांत १६ मात्रा. ऱ्हस्वाची १, दीर्घाची २. नवखे अडतात जोडाक्षरापाशी. ‘छत्री’त छ-वर आघात येतो, छ-च्या २ होतात, म्हणून मात्रा ४. ‘झपुरड्याला’मध्ये र-वर तो येत नाही, म्हणून मात्रा ७; तिथे ८ धरल्या की ओळ लंगडते. खाली सम (दुसऱ्या, चौथ्या) ओळींत एक मात्रा मुद्दाम कमी आहे, शेवट लांबवून म्हणता यावा म्हणून.

सराफ्यामधे रात्री जमले
सहा शिकारी, मोजुन सात;
हाती छत्री, गाळण, दोरी,
खिशात उरला थोडा भात.

सामान खरंखुरंच द्या. सराफा म्हणजे इंदूरचा बाजार, दिवसा सोन्याचांदीचा, रात्री खाण्यापिण्याचा; तो रात्री जागा असतो हे इंदूरकराला ठाऊक आहे. गोंधळ सुरू होतो तो ‘मोजुन सात’पासून. कडव्यात अशी एकच गडबड पुरे. दर ओळीत बनावट शब्द घातले तर वाचक तिसऱ्या कडव्याला पळतो.

शिकारी पाच ते सात ठेवा, प्रत्येकाला एक धंदा आणि एक खोड. एक जण दर वाक्याला ‘भिया’ (इंदुरी ‘भाऊ’) म्हणणारा हवाच. प्राण्याच्या खुणा चार-पाच, तपासता येण्याजोग्या: जिरावणाला (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) शिंकतो, गराडू (एक कंद) तळताना लपतो, सावली त्याच्याआधी पोचते. पाय किती, रंग कोणता, हे कधीही सांगू नका. चित्र डोळ्यांपुढे आलं की शोध संपला. गावाच्या नावांतले श्लेषही वापरा: छत्री घेतलेल्यांना कृष्णपुऱ्याच्या छत्रीवर (म्हणजे होळकरांच्या स्मारकावर) पहाऱ्याला बसवलं की वेगळा विनोद करावा लागत नाही.

शेवट मात्र आधी लिहा. ‘ॲलिस’वाल्या लुईस कॅरोलला ‘द हंटिंग ऑफ द स्नार्क’ (स्नार्क या काल्पनिक प्राण्याची शिकार) या निरर्थ काव्याची शेवटची ओळच १८७४ मध्ये फिरताना आधी सुचली. आठ भागांचं काव्य १८७६ मध्ये छापून आलं. टोक हाती असलं की मधली भटकंती हवी तितकी ताणता येते. आपलं टोक असं:

उजाडताना छत्रीपाशी
सात कपांतुन निवला चहा;
पुन्हा मोजले बोट ठेवुनी,
मंडळी तिथे भरली सहा.

यमक ‘आला-गेला’ अशा क्रियापदांवर न टाकता ‘चहा-सहा’ अशा नामावर किंवा संख्येवर टाकलं की ओळ घट्ट बसते. आणि सातवा कोण होता, हे विचारणाऱ्यालाही सांगायचं नाही.