छोट्या व्यवसायाचं वाय-फाय: आधी केबल, मग वायरलेस

ऑफिसातलं वाय-फाय रडायला लागलं की पहिला फोन इंटरनेट कंपनीला जातो आणि जास्त स्पीडचा प्लॅन घेतला जातो. आठवड्याभरात तक्रार परत तीच. कारण दोष बरेचदा बाहेरून येणाऱ्या लाइनचा नसतोच. म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा आणि स्पीड मोजा. केबलवर पूर्ण स्पीड मिळतोय, वाय-फायवर नाही, असं दिसलं तर प्लॅन बदलून काही हाती लागणार नाही.

जागा मोजून घ्या

कागदावर जागेचा साधा नकाशा काढा. माणसं कुठे बसतात, बिलिंगचं मशीन, प्रिंटर, कॅमेरे कुठे आहेत, ते मांडा. मग सिग्नल दाखवणारं ॲप मोबाइलवर घेऊन प्रत्येक ठिकाणी उभं राहा आणि आकडा तिथेच लिहा. हा आकडा डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं एकक) आणि उणे असतो. उणे ६७ किंवा त्याहून शून्याच्या जवळ असेल तर व्हिडिओ कॉलही नीट चालतो. उणे ६७ आणि उणे ७० यांत फरक किरकोळ वाटतो, पण प्रत्येक ३ डीबीला सिग्नलची ताकद निम्मी होते. दारं बंद करून मोजा, कारण कामाच्या वेळी ती बंदच असतात. लोखंडी कपाट, मोठा आरसा, काँक्रीटची भिंत आणि पाण्याची टाकी सिग्नल अडवतात. राउटर कपाटामागे असेल तर आधी तो बाहेर काढा.

दुसरा ॲक्सेस पॉइंट केबलनेच जोडा

एका राउटरने जागा भागत नसेल तर माणसं जिथे बसतात तिथे, छताला किंवा भिंतीवर उंच, ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारं उपकरण) लावा. त्याच्यापर्यंत कॅट-६ जातीची नेटवर्क केबल न्या; १०० मीटरपर्यंत चालते. पीओई स्विच (अनेक केबल जोडायची पेटी) घेतलात तर त्याच केबलमधून वीजही जाते, वेगळा प्लग लागत नाही. केबल ओढायचा कंटाळा करून स्वस्त एक्स्टेंडर लावू नका, असं मी कळकळीने सांगतो. तो एकाच रेडिओवर सिग्नल घेतो आणि पुढे देतो, त्यामुळे स्पीड साधारण निम्म्यावर येतो. सगळ्या ॲक्सेस पॉइंटवर नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, म्हणजे फोन एकावरून दुसऱ्यावर आपोआप जातो.

चॅनेल आणि पॉवर

वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर १, ६ आणि ११ एवढेच चॅनेल वापरा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. बाकीचे एकमेकांत मिसळतात. लॅपटॉप आणि फोन ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. पॉवर मात्र सरसकट फुल करू नका. राउटरचा आवाज फोनपर्यंत पोचतो, पण फोनचा आवाज लहान, तो राउटरपर्यंत पोचत नाही. मग रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि पान काही उघडत नाही.

पाहुणे वेगळे, काम वेगळं

किमान तीन नेटवर्क करा: कर्मचारी, पाहुणे आणि कॅमेऱ्यांसारखी उपकरणं. जमेल तर प्रत्येकाला स्वतंत्र व्हीलॅन (त्याच केबलवरचं, पण आतून वेगळं नेटवर्क) द्या. पाहुण्यांच्या नेटवर्कवर क्लायंट आयसोलेशन (पाहुण्यांची उपकरणं एकमेकांना दिसू न देणारी सोय) चालू करा आणि स्पीडला मर्यादा घाला. पाहुण्याचा व्हिडिओ चालू झाला म्हणून बिल अडकलं, असं होता कामा नये. त्यांचा डीएचसीपी लीज, म्हणजे राउटर प्रत्येक फोनला नेटवर्कवरचा आयपी पत्ता जितका वेळ देतो तो अवधी, एक-दोन तासांचा ठेवा. लीज २४ तासांचा असेल तर निघून गेलेल्या माणसांच्या फोननीच पत्ते अडवलेले राहतात आणि नवीन फोन जोडला जात नाही.

एका ऑफिसात दर सोमवारी प्रिंटर ‘ऑफलाइन’ व्हायचा. दोनदा दुरुस्तीवाला येऊन गेला. शनिवार-रविवार प्रिंटर बंद राहायचा, लीज संपायचा आणि सोमवारी त्याला नवा आयपी पत्ता मिळायचा. कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसायचे. राउटरमध्ये त्याचा पत्ता राखून ठेवला, पाच मिनिटांचं काम, आणि तक्रार संपली. प्रिंटरसाठी हे पहिल्याच दिवशी करा.

कुलूप

वाय-फायच्या सुरक्षेसाठी २०१८ साली आलेलं डब्ल्यूपीए-३ निवडा. जुनी उपकरणं असतील तर डब्ल्यूपीए-२ एईएस, पण सहज फुटणारं जुनं डब्ल्यूईपी कधीच नाही. डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा. राउटरचा ॲडमिन पासवर्ड खोक्यावर छापलेला तसाच ठेवू नका. कोणी नोकरी सोडली की वाय-फायचा पासवर्ड त्याच दिवशी बदला. माणसं वाढली की प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन देणारी एंटरप्राइज पद्धत घ्या, म्हणजे एकाच्या जाण्याने सगळ्यांची धावपळ होत नाही.

महिन्यातून एकदा फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) पाहा आणि अपडेट काम संपल्यावरच करा. त्याआधी सेटिंगचा बॅकअप काढून ठेवा. राउटर आणि स्विच दोन्ही यूपीएसवर असू द्या. आणि स्विचमधल्या प्रत्येक केबलला चिठ्ठी चिकटवा: कुठून आली, कुठे जाते.