अमेरिकेत राहून भारतातलं मूल दत्तक घेताना: कागदांचं काय आणि कसं

न्यू जर्सीतल्या एडिसनमधली मराठी मंडळी मला हल्ली वरचेवर विचारतात, "तुम्ही पुण्याहून मुलगी आणलीत ना, सुरुवात कुठून करायची?" सगळ्यांची तयारी असते ती झेरॉक्स काढायची. जरा थांबा. कागद गोळा करणं हे सोपं काम आहे. कुठला कागद कुठल्या कागदाच्या आधी, आणि त्याची मुदत कधी संपते, हे अवघड.

आधी पात्रता बघा. नवरा-बायकोपैकी एकजण तरी अमेरिकन नागरिक हवा. नुसत्या ग्रीन कार्डावर आय-८००ए हा अमेरिकन इमिग्रेशन खात्याचा पहिला फॉर्म (दत्तक घ्यायला तुम्ही योग्य आहात का, ते ठरवणारा) भरताच येत नाही, मग घरात कितीही तयारी असो. भारताच्या बाजूने लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत आणि तुमच्या वयांची बेरीज मोजली जाते: दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ८५ पर्यंत, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १००. चाळिशी ओलांडलेल्यांनी ही बेरीज आजच करावी, कारण नोंदणीच्या तारखेचं वय धरतात.

दुसरं, गावाकडचा एखादा काका हमखास सुचवतो, "भावाचंच पोर घे की, दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवू, आठवड्यात काम." हिंदू दत्तक कायदा १९५६ चा आहे, दत्तकपत्रही खरं असतं. पण अमेरिकेच्या व्हिसाला ते पुरत नाही. दोन्ही देश परदेशी दत्तकाबद्दलच्या १९९३ च्या हेग करारात आहेत, भारत २००३ पासून आणि अमेरिका २००८ पासून, आणि त्या करारात क्रम ठरलेला आहे: आधी अमेरिका मुलाचे कागद बघून तात्पुरती मंजुरी देणार, मग भारतात दत्तक. क्रम उलटा झाला की पोर तिकडे आणि तुम्ही इकडे. काकांना प्रेमाने गप्प करा.

मग एजन्सी. भारतातल्या संस्थेत ओळख काढून जाता येत नाही, तो रस्ता बंद आहे. दिल्लीच्या 'कारा'ने (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) मान्यता दिलेली अमेरिकन एजन्सीच तुमचा अर्ज काराच्या केअरिंग्ज पोर्टलवर चढवते. भारतीय पासपोर्टवाल्या एनआरआयना भारतात राहणाऱ्यांच्या बरोबरीने नंबर मिळतो. ओसीआय कार्डवाल्यांना (मूळचे भारतीय, पण आता परदेशी नागरिक) आणि इतर परदेशी नागरिकांना तसा मिळत नाही. एजन्सीला पहिल्याच फोनवर विचारा की आमचा अर्ज कुठल्या रांगेत बसेल.

होम स्टडीला, म्हणजे एजन्सीच्या समाजसेविकेने घरी येऊन केलेल्या तपासणीला, लोक घाबरतात आणि घर घासूनपुसून लख्ख करतात. ती बाई तुमची भांडी बघायला येत नाही. ती विचारते पगार, कर्ज, आजारपण, तुमचे आईवडील तुम्हाला रागावायचे कसे, मुलाला त्याच्या जन्माबद्दल केव्हा सांगणार. शिवाय किमान दहा तासांचं प्रशिक्षण असतं. आपल्याकडे खरी गाठ बसते ती दुसरीकडेच: घरात राहणारा अठरावर्षांवरचा प्रत्येक माणूस या तपासणीत येतो. माझ्या सासूबाई आमच्याकडेच राहतात. त्यांची मुलाखत झाली, त्यांच्यासाठी पुरवणी फॉर्म भरला, आणि बोटांचे ठसे द्यायला त्याही आल्या. जन्मभर भांडी, धुणी, चिंच-खोबरं केलेल्या हातांवर रेषा उरतात कुठे? मशीन नुसतं लाल दिवा दाखवत राहिलं. दुसऱ्यांदाही ठसे उमटले नाहीत तर पोलिसांचं प्रमाणपत्र मागतात. म्हणून ज्येष्ठांना आठवडाभर आधीपासून दिवसातून तीन-चारदा हाताला क्रीम लावायला सांगा, आणि तपासणीच्या त्या काळात भांडी तुम्ही घासा.

आता नावं. महाराष्ट्रातल्या बाईच्या कागदांवर तीन-तीन बायका नांदतात: दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे, अमेरिकन लायसन्सवर मधलं नाव गायब. लग्नात पहिलंही नाव बदललं असेल तर विचारूच नका. एक तक्ता करा: डावीकडे प्रत्येक कागद, उजवीकडे त्यावरचं नाव जसंच्या तसं, स्पेलिंगसकट. जिथे फरक पडतो तिथे 'या दोन्ही नावांची व्यक्ती मीच' असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र जोडा, आणि राजपत्रात नाव बदललं असेल तर त्या पानाची प्रत. जुन्या जन्मदाखल्यावर नुसतंच 'स्त्री' लिहिलेलं असणं आपल्या पिढीत नवल नाही. अशा वेळी शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवा आणि पुढे काय जोडायचं ते एजन्सीकडून लेखी घ्या.

बाकीचे कागद सरळ आहेत: पासपोर्ट, लग्नाचा दाखला, पत्त्याचा पुरावा, मागच्या वर्षाचा टॅक्स रिटर्न, दोन परिचितांची पत्रं, डॉक्टरांचं प्रमाणपत्र. घरात पाच वर्षांवरचं मूल असेल तर त्याचीही संमती लागते. डॉक्टरांची सही नोटरीच्या डोळ्यांसमोर व्हावी लागते आणि डॉक्टर काही नोटरीकडे येत नाहीत, तेव्हा घरी येणारा नोटरी दवाखान्यात बोलवा.

अपॉस्टिलचा (कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) नियम असा की कागद जिथला, शिक्का तिथला. न्यू जर्सीच्या नोटरीने केलेला कागद ट्रेन्टनला जातो, गुन्हा नसल्याचा एफबीआयचा दाखला वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्याकडे, आणि पुण्यातला लग्नाचा दाखला आधी राज्य सरकारकडून, मग भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून. परत आलेल्या गठ्ठ्याची स्टेपलची पिन काढायची नाही, म्हणजे नाहीच. स्कॅन करताना पान दुमडून करा. पिन काढलेला कागद बदललेला समजतात आणि पुन्हा पहिल्यापासून.

मुदतींसाठी भिंतीवर कालनिर्णय लावा, फोनवर विसंबू नका. आय-८००ए भरताना होम स्टडी सहा महिन्यांपेक्षा जुनी चालत नाही. मंजुरी १५ महिने टिकते. मुलाचा नंबर त्याआधी लागला नाही तर मुदतवाढीचा पुरवणी फॉर्म आणि ताजी होम स्टडी. नोकरी बदलली, घर बदललं, आई राहायला आल्या, प्रत्येक वेळी एजन्सीला कळवायचं.

मुलाची माहिती आल्यावर त्याचा वैद्यकीय अहवाल लगेच इथल्या बालरोगतज्ज्ञाला दाखवा. विचाराला फार दिवस मिळत नाहीत. होकारानंतर आय-८०० (त्या ठरावीक मुलासाठीचा फॉर्म), अमेरिकन दूतावासाचं पत्र, काराचं ना हरकत, मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश (२०२२ पासून हे काम कोर्टाकडून त्यांच्याकडे आलं). नंतर नवा जन्मदाखला, पासपोर्ट, काराचं अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक हेग करारानुसार झालं असं सांगणारं) आणि आयएच-३ हा दत्तक मुलाचा अमेरिकन व्हिसा. हा सगळा भाग एजन्सी आणि संस्था ओढतात. आदेशाची प्रत हातात पडली की मुलाचं नाव, तुमची नावं आणि तारखा तिथेच, टेबलासमोर उभं राहून वाचा. आडनावातलं एक अक्षर चुकलं तर तेच पुढे जन्मदाखल्यात, पासपोर्टात आणि व्हिसावर उतरतं.

आयएच-३ वर आलेलं मूल अमेरिकेत पाऊल ठेवताच नागरिक होतं आणि नागरिकत्वाचं प्रमाणपत्र टपालाने येतं. त्यानंतर भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय काढायचं. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी एजन्सी काराला अहवाल पाठवते, त्यासाठी फोटो जपून ठेवा. आणि पुण्यातून निघण्याआधी जन्मदाखल्याच्या चार-पाच जादा प्रती काढा. शाळा, सोशल सिक्युरिटी, ओसीआय, सगळ्यांना मूळ प्रत बघायची असते, आणि एका प्रतीसाठी पुन्हा कोणालातरी महापालिकेत पिटाळावं लागतं.