नागपूरच्या काळ्या मातीत क्रोकोस्मिया लावताना

केशरी फुलांच्या क्रोकोस्मियाचे कंद आपल्याकडे थंडीने नाही, साचलेल्या पाण्याने मरतात. काळी माती ओल धरून ठेवते आणि कंद तळाकडून मऊ पडून सडतो. म्हणून २ भाग माती, १ भाग जाड रेती, १ भाग मुरलेलं शेणखत असा वीतभर उंच वाफा करा. पावसाचा जोर ओसरला की ऑक्टोबरमध्ये कंद ३ इंच खोल, ५ इंच अंतरावर, टोक वर ठेवून लावा. सकाळचं ऊन हवंच. मे महिन्यातलं दुपारचं मात्र हिरव्या जाळीने अडवा. पानं तांबूस, धुरकट दिसली तर खालून बघा, लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) असतो; पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. जुन्या कंदांवर नवे कंद माळेसारखे एकावर एक चढतात. दर ३ वर्षांनी उकरून, वरचे टणक तेवढे वेगळे लावा.