फुकटचा नकाशा, पण अटी वाचून

रावेर-सावद्याच्या केळीच्या ट्रकांसाठी मी जळगावात बसून छोटं ॲप केलं. गावाचं नाव टाका, नकाशावर ठिपका. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला, फुकटचा. पहिल्याच दिवशी ३५० गावांची नावं एका लूपमध्ये, म्हणजे आपोआप एकामागून एक, त्यांच्या सर्व्हरवर भरधाव सोडली आणि दुपारी त्यांच्याकडून माझा आयपी (माझा इंटरनेटवरचा पत्ता) बंद. चूक माझीच, अटी वाचल्याच नव्हत्या.

ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा खुला आहे, त्यांचे सर्व्हर मात्र देणग्यांवर चालतात. नावावरून जागा शोधून देणाऱ्या त्यांच्या नॉमिनॅटिमच्या सार्वजनिक सर्व्हरला सेकंदाला जास्तीत जास्त १ विनंती, तीही ॲपच्या सगळ्या वापरकर्त्यांची मिळून. म्हणजे दहा ड्रायव्हर असले तरी हिशेब एकच. लूपमध्ये एका सेकंदाचा थांबा टाका. ३५० गावांना सहा मिनिटं लागतात, तेवढ्यात चहा होतो. यूजर-एजंटमध्ये, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या ओळखीत, ॲपचं खरं नाव द्या, तयार कोडच्या लायब्ररीचं आयतं नाव चालत नाही. टाइप करता करता गावं सुचवायला तिथे मनाई आहे. आलेलं उत्तर साठवून ठेवा. सावदा काही रोज जागा बदलत नाही!

सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज जाते, म्हणून आख्ख्या जिल्ह्याच्या टाइल्स (नकाशाचे चौकोनी तुकडे) ओढून ठेवायचा मोह मलाही झाला. त्यांच्या सर्व्हरवरून तसं करायचं नाही. मी हाच डेटा प्रदेशवार देणाऱ्या जिओफॅब्रिक या साइटवरून पश्चिम भारताची फाइल उतरवली आणि टाइल्स घरच्या मशीनवर बनवल्या. रात्रभर पंखा घरघरत होता, आई दोनदा उठली.

नकाशाच्या कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय ठळक दिसू द्या, आपल्या लोगोखाली दडवू नका.