डिले पेडलला घुमवायचं, पण लगाम हातात ठेवून

वेरुळच्या दहाव्या लेण्यात, त्या कमानदार छताखाली, कुणी सूर लावला की तो बराच वेळ रेंगाळतो. गिटारच्या डिले पेडलमधून, म्हणजे सूर थोड्या उशिराने पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या डबीतून, तसंच वातावरण उभं करता येतं. शिवाय इथे पडसाद विरूच द्यायचा नाही, अशीही सोय आहे. म्हणून आधी थांबवायला शिका (ते अगदी शेवटी सांगितलंय), मग घुमवायला.

जोडणी सोपी आहे: गिटार, ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारं पेडल) असेल तर तो, मग डिले, शेवटी ॲम्प. ओव्हरड्राइव्ह डिलेच्या नंतर लावला तर सगळे पडसाद गढूळ होतात. ॲडॉप्टर बहुतेक वेळा ९ व्होल्ट डीसी लागतो, मधली पिन निगेटिव्ह. तरी पेडलवरची खूण बघूनच लावा. आपल्याकडे जुन्या घरांत अर्थिंग धड नसतं आणि ती घूंघूं पडसादांतही शिरते. लाईट जायची भीती असेल तर बॅटरी ठेवा. ॲनालॉग पेडल तिच्यावर बरंच चालतं, डिजिटल (आवाजाचे आकडे करून साठवणारं) मात्र ती लवकर संपवतं.

आता ॲम्पचा आवाज कमी करा, हेडफोन काढून ठेवा. मिक्सचा नॉब (मूळ सुरात पडसाद किती) निम्म्यावर, टाइम (पडसाद किती उशिराने) साधारण ४०० मिलिसेकंद, फीडबॅक (पडसाद किती वेळा फिरून येतो) अगदी कमी. एकच तार छेडा आणि फीडबॅक हळूहळू वाढवत न्या. एका जागी पडसाद विरायचे थांबतात, कारण प्रत्येक फेरीत जेवढा आवाज आत जातो तेवढाच परत येतो. त्यापुढे केसभर सरकलात की तो फेरीगणिक वाढतो आणि पेडल स्वतःच गाऊ लागतं, म्हणजे गर्जना सुरू होते. काही डिजिटल पेडलांत ही मर्यादा मुद्दाम आधीच बांधलेली असते; तिथे कितीही फिरवा, उपयोग नाही.

माझा कौल ॲनालॉगला. १९६९ मध्ये फिलिप्समध्ये शोधलेल्या बकेट ब्रिगेड तंत्रात सिग्नल एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकतो. दर फेरीला वरचे तीक्ष्ण स्वर झिजतात, त्यामुळे गर्जनाही कानाला बोचत नाही.

वाजवताना गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवून तार छेडा आणि मग आवाज उघडा. टोला ऐकू येत नाही, नुसता सूर उमलतो. तो ‘सा’ घुमत ठेवून वर वाजवा. ठेक्यात पडसाद हवे असतील तर ६०,००० ला मिनिटातल्या मात्रांनी भागा: १०० मात्रांना ६०० मिलिसेकंद. घुमत असताना ॲनालॉगवर टाइम कमी केला तर सूर चढतो, वाढवला तर उतरतो. मजा येते खरी, पण भजनी मंडळात पेटी साथीला असेल तर त्या नॉबला हातही लावू नका!

थांबवायचं तर फीडबॅक अर्ध्याखाली आणा. नुसत्या पायाच्या बटणावर भरवसा नको: काही पेडलांत आवाज कापल्यासारखा तुटतो, तर शेपूट, म्हणजे उरलेले पडसाद, चालू ठेवणाऱ्यांत पेडल बंद करूनही गर्जना चालूच राहते. आपलं कोणतं, हे घरीच तपासा. गर्जना सुरू होते तिथे नॉबच्या कडेला पांढऱ्या मार्करने खूण करा, म्हणजे मंडपातल्या अर्धवट उजेडातही ती दिसेल.