बेळगावच्या गच्चीवरून पृथ्वीचे वारे कसे ओळखावेत

शाळेच्या भूगोलात बाणांनी दाखवलेले ग्रहीय वारे आपल्याला दूरचे वाटतात. परंतु बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत राहणाऱ्या कोणालाही ते वर्षभर स्वतःच्या गच्चीवरून पडताळून पाहता येतात. त्यासाठी एक बांबू, सुती कापडाची हातभर पट्टी आणि एक वही पुरे.

प्रथम दिशा नक्की कराव्यात. उन्हात काठी सरळ उभी करून तिची सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा त्या सावलीवर रेघ ओढावी. तीच दक्षिणोत्तर रेषा. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून सुमारे ८ अंश पश्चिमेला असल्यामुळे हा क्षण बारा वाजता नव्हे, तर साडेबाराच्या मागेपुढे येतो. हे काम हिवाळ्यातच करावे. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते आणि हे ध्यानात न राहिल्यास दिशा उलट्या मांडल्या जातात.

पट्टी बांबूच्या टोकाला, कठडा आणि पाण्याची टाकी यांच्यापेक्षा बरीच उंच बांधावी. माझी पहिली पट्टी टाकीच्या आडोशाला होती. तेथे वारा घुमत असल्याने महिनाभराच्या नोंदी मला खोडाव्या लागल्या. वारा ज्या दिशेकडून येतो त्या दिशेचे नाव त्याला देतात, म्हणजे पट्टी पूर्वेकडे फडफडली की वारा पश्चिमेचा. नोंद रोज दुपारी तीनच्या सुमारास करावी, कारण पहाटेची हवा बहुधा स्थिर असते आणि तिची हालचाल जवळच्या उतारांवर अवलंबून असते. दर महिन्याला एक वर्तुळ काढून त्याचे आठ भाग करावेत आणि रोज त्या त्या दिशेच्या भागात एक ठिपका द्यावा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत ठिपके पूर्व आणि ईशान्येला दाटतात. शाळूची मळणी करून खळ्यावर धान्य उफणताना भुसा पश्चिमेला उडतो तो याच वाऱ्याने. माझ्या मते संपूर्ण वहीतला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण आपल्या अक्षांशाचा मूळ वारा हाच आहे. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते, ३० अंशांच्या आसपास खाली उतरते आणि जमिनीलगत विषुववृत्ताकडे परतताना पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळून ईशान्येचा वारा बनते. जॉर्ज हॅडली यांनी १७३५ मध्ये परिवलनाचा हा संबंध मांडला, म्हणून या चक्राला त्यांचे नाव आहे.

मिरगाच्या सुमारास ठिपके पश्चिम आणि नैऋत्येला सरकतात. हवा वर चढण्याचा पट्टा उन्हाळ्यात उत्तरेला सरकून जुलैपर्यंत गंगेच्या मैदानावर पोहोचतो आणि दक्षिण हिंदी महासागरावरचे आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडून त्याच्याकडे धावतात. ओलांडताच उजवीकडे वळल्यामुळे ते नैऋत्येचे होतात. खानापूरच्या भातात साचणारे पाणी अशा वाऱ्याने आणलेले असते, ज्याचा प्रवास दक्षिण गोलार्धात सुरू झाला. याचा पडताळा सोपा आहे: जुलैत वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे, म्हणजे कमी दाबाचा प्रदेश डाव्या हाताला, अर्थात उत्तरेला, येतो. बाइस बॅलट यांनी १८५७ मध्ये सांगितलेला हा नियम आहे.

त्याच दिवसांत अथणीच्या पाहुण्यांना फोन करून तेथील पाऊस विचारून घ्यावा. कणकुंबीला झोडपणारा वारा तोच, पण घाट चढून पलीकडे उतरताना हवा तापते, ढग विरळ होतात आणि अथणीपर्यंत पाऊस फारच थोडा उरतो.

शेवटची नोंद पावसाने उघडीप दिल्यावर करावी. विजेच्या खांबाचे टोक खूण म्हणून धरून त्याच्यामागचे ढग पाच मिनिटे टक लावून पाहावेत. खालचे करडे ढग पूर्वेकडे पळताना दिसतात. त्यांच्या फटीतून पिंजलेल्या कापसासारखे उंच ढग दिसले, तर ते हळूहळू पश्चिमेकडे सरकत असतात. जुलै-ऑगस्टमध्ये सुमारे १४ ते १५ किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून वेगवान वारा वाहत असतो, त्यामुळे या दोन्ही दिशा वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्यात.