लष्कराने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्याचे जुने कागद कसे शोधावेत

इंग्रज अमदानीत लष्कराकडे गेलेल्या जमिनीचा शोध घेताना 'पैसे किती मिळाले' याआधी 'जमीन कोणत्या कायद्याने घेतली' हे विचारावे, कारण पैसे देण्याची रीत, देणारे खाते आणि कागदाचे ठिकाण ही तिन्ही त्यावरून ठरतात. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतलेली जमीन कायमची सरकारजमा होई. कलेक्टर कलम ११ खाली निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) देई आणि बाजारभावावर १५ टक्के जादा रक्कम मिळे. दुसऱ्या महायुद्धात मात्र भारत संरक्षण नियमांतील नियम ७५-अ खाली जमिनीचे तात्पुरते अधिग्रहण करता येई आणि पुढे तीच जमीन कायमची संपादितही करता येई. या मार्गात रक्कम आपसांत न ठरल्यास लवाद नेमला जाई, आणि १५ टक्क्यांची भर नसे. म्हणून जुन्या पावतीत ती भर दिसली नाही, तर लगेच फसवणुकीचा निष्कर्ष काढू नये. ती पावती युद्धकालीन नियमाखालची, कदाचित केवळ भाड्याचीही असू शकते. कल्याणजवळच्या नेवाळीचा वाद, ज्याने जून २०१७ मध्ये हिंसक वळण घेतले, याच फरकापाशी अडलेला आहे: युद्धकाळात धावपट्टीसाठी घेतलेली जमीन परत मिळावी, असे शेतकरी म्हणतात, तर संरक्षण खाते तिच्यावर मालकी सांगते.

गावपातळीवर आजच्या सातबाऱ्यावर थांबू नये. तलाठी किंवा तहसील कार्यालयातून त्या काळचा फेरफार आणि भूमी अभिलेख कार्यालयातून कमी-जास्त पत्रक (जमिनीच्या क्षेत्रातील बदलाची नोंद) यांच्या प्रमाणित नकला घ्याव्यात. फेरफारात आदेशाचा क्रमांक व तारीख असेल, तर पुढचे निम्मे काम झाले असे समजावे.

खरी माहिती मात्र दोन सरकारांच्या आपसांतील पत्रव्यवहारात असते. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार संरक्षण हा केंद्राचा विषय होता, तर जमीन प्रांताच्या अखत्यारीत होती. कलम १२७ प्रमाणे प्रांताने केंद्रासाठी, केंद्राच्या खर्चाने, जमीन संपादित करून द्यायची, आणि ती मुळात प्रांताचीच असेल तर ठरलेल्या अटींवर हस्तांतरित करायची. अटींवर एकमत न झाल्यास भारताच्या सरन्यायाधीशांनी लवाद नेमावा, अशी तरतूद होती. सरकारी पड किंवा गायरान लष्कराला गेले असेल, तर किमतीची घासाघीस या दोन सरकारांत होई. तेथे गुरे चारणाऱ्यांना त्या बैठकीत जागा नसे, आणि ही बाब अनेक घरगुती कहाण्यांतून निसटते.

त्यामुळे दोन्ही बाजूंचे दप्तर पाहावे. प्रांताची बाजू मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात, महसूल खात्याच्या खंडांत शोधावी. केंद्राची बाजू दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, ज्याच्या याद्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर चाळता येतात. इंग्रजी सूचीत ठाणे जिल्हा 'थाना' या जुन्या नावाने येतो. फाइल मिळाली की एकरी दर, झाडे व उभे पीक यांचे मूल्यांकन आणि रक्कम कोणत्या खात्यावर टाकली, या नोंदी आधी उतरवाव्यात.

याउपर लष्करी जमिनींचा कारभार पाहणाऱ्या संरक्षण संपदा कार्यालयाकडे माहिती अधिकाराखाली अर्ज करताना 'सर्व कागद द्या' असे मोघम न लिहिता सर्व्हे नंबरनिहाय अधिसूचना, ताबा पावती, निवाडा आणि १९५२ च्या अधिग्रहण कायद्याखालील आदेश, एवढेच नेमके मागावे.